गेन्नादी गोलोव्हकिन: मिडलवेटच्या सर्वकालीन यादीत नक्की कितवा?

शेवटची_घंटा (धागाकर्ता)

सप्टेंबर २०२२ मध्ये कनेलो अल्वारेझबरोबरची तिसरी लढत हरल्यावर कझाकस्तानचा बॉक्सर गोलोव्हकिन पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही. २०२३ मध्ये हातातले बेल्टही (जगज्जेतेपदाचे पट्टे) सोडून दिले. तेव्हा खातं बंद झालं असं धरून हिशेब मांडायला हरकत नाही. ४५ लढती, ४२ विजय, त्यात ३७ नॉकआऊट, २ पराभव, १ बरोबरी. दोन्ही पराभव आणि ती बरोबरी एकाच माणसाविरुद्ध. व्यावसायिक कारकिर्दीत एकदाही खाली पडला नाही.

मिडलवेट म्हणजे १६० पौंड, ७२.५७ किलो. या वजनगटाची यादी काढायला बसलं की वरची नावं जवळपास ठरलेली असतात: हॅरी ग्रेब, शुगर रे रॉबिन्सन, कार्लोस मॉन्झॉन, मार्विन हॅगलर, बर्नार्ड हॉपकिन्स. क्रम ज्याचा त्याचा. यांच्या खाली ट्रिपल जीला, म्हणजे गोलोव्हकिनला, कुठे बसवायचं? कोणी त्याला थेट पाचात घालतं, तर कोणी विसातही घेत नाही.

मत देताना ते कशावर बेतलंय तेही लिहा. "बघायला भारी होता" हे सगळ्यांना मान्य आहे, त्यासाठी धागा काढायची गरज नाही.

बेल्टमोजणी

सगळ्यात आधी त्याच्या सलग २० डिफेन्सचं, म्हणजे बेल्ट राखलेल्या लढतींचं, बघू, कारण त्याला पाचात घालणाऱ्यांचा सगळा भार त्याच आकड्यावर असतो. हॉपकिन्सचे २०, याचेही २०, म्हणून दोघे एका पायरीवर, असा तो हिशेब.

मोजून बघा. ऑगस्ट २०१० मध्ये त्याने मिल्टन नुन्येझला पहिल्याच फेरीत झोपवून डब्ल्यूबीएचा (बॉक्सिंगच्या चार जागतिक संघटनांपैकी एक; बाकीच्या डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ) अंतरिम बेल्ट घेतला. त्याला बढती मिळून तो 'रेग्युलर' झाला. पण त्याच संघटनेचा 'सुपर' चॅम्पियन फेलिक्स स्टुर्म वर बसलेला होताच. डिसेंबर २०१० ची टापियाविरुद्धची लढत हा पहिला डिफेन्स धरला, तर फेब्रुवारी २०१४ मधली अदामाविरुद्धची दहावी ठरते. जून २०१४ मध्ये गोलोव्हकिनला 'सुपर' केलं गेलं. म्हणजे विसातले पहिले दहा डिफेन्स दुय्यम नावाच्या बेल्टचे. गील, रुबिओ, मरे, मन्रो, लेम्यू, वेड, ब्रूक, जेकब्स, कनेलो आणि मार्टिरोस्यान हे पुढचे दहा.

त्या दहातही विसाव्याकडे नीट बघा. कनेलोची क्लेनब्युटेरॉल या बंदी असलेल्या औषधाची चाचणी पॉझिटिव्ह आल्यामुळे मे २०१८ ची ठरलेली लढत रद्द झाली आणि ऐनवेळी वानेस मार्टिरोस्यान आणला गेला. तो मुळात १५४ पौंडांचा, त्यात दोन वर्षं लढलेला नव्हता. दुसऱ्या फेरीत संपला. आयबीएफने त्या लढतीला आपला बेल्ट लावूही दिला नाही आणि पुढे तो काढूनच घेतला.

आता हॉपकिन्स. त्याचा बेल्ट एप्रिल १९९५ पासून पूर्ण आयबीएफ बेल्ट होता, अंतरिम किंवा रेग्युलर भानगड नाही. मात्र त्याच्या विसातही एक मेख आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये रॉबर्ट ॲलनविरुद्ध मिठी सोडवताना रेफरी मिल्स लेनचा धक्का लागून हॉपकिन्स दोरांबाहेर पडला, घोटा दुखावला आणि लढत 'नो कॉन्टेस्ट' झाली. तीही विसात मोजली जाते. तसं बघितलं तर दोघांचेही विजय १९-१९. हॉपकिन्सची एक रद्दबातल, गोलोव्हकिनची एक बरोबरी.

आकडा सारखा, पण त्यातला माल सारखा नाही.

साउथपॉ

सहमत. शिवाय मॉन्झॉनचे १४ आणि हॅगलरचे १२, पण त्या काळात बेल्ट दोन-तीनच होते आणि दोघांनीही कारकिर्दीचा बराच काळ निर्विवाद जगज्जेता म्हणून काढला. गोलोव्हकिनच्या काळात चार संघटना आणि प्रत्येकीचे पोटबेल्ट. १२ आणि २० शेजारी ठेवून वजाबाकी करणं निरर्थक आहे.

जॅबवाला

आकडा बाजूला ठेवू. पण 'रेग्युलर' म्हणून ते दहा डिफेन्स फेकून देणंही चुकीचं. स्टुर्म वर होता तर तो लढला का नाही? १ सप्टेंबर २०१२ ला स्टुर्म गीलकडून हरला आणि त्याच दिवशी गोलोव्हकिनने प्रोक्साला पाचव्या फेरीत थांबवलं. पुढे त्याच गीलला त्याने २०१४ मध्ये तीन फेऱ्यांत उरकलं. नावाचा 'सुपर' कोण आणि खरा ताकदवान कोण हे तेव्हाही कळत होतं.

वंशावळ

"लढला का नाही" या प्रश्नाचे गुण देता येत नाहीत हाच तर त्रास आहे. टाळलं गेल्याचं श्रेय द्यायचं असेल तर त्याच्यासोबत दाखवायला विजय लागतात. चार्ली बर्लीचं उदाहरण घ्या. त्याला जगज्जेतेपदाची एकही लढत मिळाली नाही, तरी तो यादीत येतो, कारण १९४४ मध्ये त्याने पुढे जगज्जेता झालेल्या आर्ची मूरला गुणांवर हरवलं होतं. बर्लीला टाळण्याचं कारण कागदावर दिसतं.

आणखी एक गोष्ट धाग्यात आलेली नाही. लिनियल जेतेपद म्हणजे 'ज्याने जेत्याला हरवलं तो जेता', मग बेल्ट कुठल्याही संघटनेचा असो. ही साखळी बघा: हॉपकिन्सने २००१ मध्ये ट्रिनिदादला हरवून ती पक्की केली. २००५ मध्ये ती जर्मेन टेलरकडे गेली, २००७ मध्ये केली पावलिककडे, २०१० मध्ये सर्जिओ मार्टिनेझकडे, जून २०१४ मध्ये मिगेल कोट्टोकडे, नोव्हेंबर २०१५ मध्ये कनेलोकडे. गोलोव्हकिनचं नाव या साखळीत एकदाही नाही. डब्ल्यूबीसीचा पूर्ण बेल्ट त्याला २०१६ मध्ये मिळाला तोही कनेलोने सोडल्यामुळे. डब्ल्यूबीओचा तर कधीच मिळाला नाही. ग्रेबपासून हॉपकिन्सपर्यंतच्या पाचही जणांच्या नावावर एक दिवस तरी 'मिडलवेटमध्ये हाच राजा' असं निर्विवाद लिहिलेलं आहे. याच्या नावावर नाही.

जॅबवाला

साखळीत नाव नसायला कनेलोच्या पहिल्या लढतीतल्या दोन जजची पेन्सिल कारणीभूत आहे, त्यावर येतोच.

कॅनव्हास

बेल्टांवरून जरा रिंगमध्ये या. तो नेमकं काय करायचा हे कळल्याशिवाय इतरांशी तुलना होणार नाही.

पाया जॅबचा, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाचा. बहुतेकांचा जॅब अंतर मोजायला असतो, याचा मान मागे फेकायचा. मागचा पाय रोवून, खांद्यासकट येणारा. पण खरी कला पायांत होती. पळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पाठोपाठ सरळ जाणारा बॉक्सर कायम एक पाऊल मागे राहतो. गोलोव्हकिन असा पाठोपाठ जायचा नाही, आडवा सरकायचा. समोरचा डावीकडे निघाला की याचा पुढचा पाय आधीच त्या बाजूला. दोन-तीन फेऱ्यांत रिंग अर्धी व्हायची. दोरांपाशी गाठलं की ठोसे पूर्ण जोराने नाहीत, साठ-सत्तर टक्क्यांनी, एकामागून एक. हात वर आले की डावा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) यकृतावर. जून २०१३ मध्ये मॅकलिन तिसऱ्या फेरीत त्याच ठोशाने गेला, लेम्यू पाचव्या फेरीत त्यानेच गुडघ्यावर आला. हात खाली आले की वरून हातोड्यासारखा उतरणारा उजवा.

दोष दोन. पहिला, डोकं मधल्या रेषेवरून फारसं हलायचं नाही. हनुवटी दणकट म्हणून चालून गेलं, पण गुण जातात ते जातातच. दुसरा जास्त महत्त्वाचा: कनेलोविरुद्ध पहिल्या दोन्ही लढतींत त्याने शरीरावर मारणं जवळपास बंदच केलं. कारण साधं आहे. डावा हूक खाली सोडताना डाव्या हाताची बाजू उघडी पडते आणि कनेलोचा प्रतिहल्ला नेमका तिथे बसतो. धोका न पत्करता जॅबवर लढत काढायची असं ठरवलेलं दिसतं. जॅबने फेऱ्या जिंकता येतात, पण जजच्या डोळ्यांत भरतील अशा जिंकता येत नाहीत.

जेकब्सने आधी हेच दाखवलं होतं. मार्च २०१७, सलग २३ नॉकआऊटची मालिका तिथे तुटली. जेकब्स चौथ्या फेरीत पडला, पण नंतर डावखुरा पवित्रा घेऊन कोनातून बाहेर पडायला लागला आणि रिंग कापण्याचा हिशेब बिघडला. तीन जजची कार्डं (गुणपत्रं) गोलोव्हकिनच्या बाजूने, पण निसटती: ११५-११२, ११५-११२, ११४-११३.

तराजू

जेकब्सच्या लढतीबद्दल एक गोष्ट जोडतो, कारण पिढ्यांची तुलना करताना हीच हमखास विसरली जाते. आयबीएफचा तेव्हाचा नियम असा की लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन द्यायचं आणि ते मर्यादेपेक्षा १० पौंडांहून जास्त नको. जेकब्स त्या वजनाला आलाच नाही. परिणाम: तो जिंकला असता तरी आयबीएफचा बेल्ट त्याला मिळाला नसता. पण त्या रात्री गोलोव्हकिनसमोर किती किलोचा माणूस उभा होता हे तुम्हीच ताडा.

हॅगलरच्या कारकिर्दीच्या बऱ्याच भागात वजन लढतीच्याच दिवशी व्हायचं. पाणी तोडून १६० गाठलं तर भरून काढायला वेळ नसे, त्यामुळे रिंगमधलेही जवळपास तेवढ्याच वजनाचे. आता आदल्या दिवशी वजन होतं, रात्रभरात कित्येक किलो परत येतात. त्यामुळे आजचा १६० वाला आणि १९८० चा १६० वाला ही दोन वेगळी माणसं आहेत. हे गोलोव्हकिनच्या बाजूने जातं. तो स्वतः फार मोठा मिडलवेट नव्हता, वर्षानुवर्षं सहज वजन गाठायचा आणि आपल्यापेक्षा फुगलेल्यांना मारायचा.

विरुद्ध बाजूने जातं ते १५ फेऱ्यांचं. लढतीत जखमी झालेल्या दुक कू किमच्या मृत्यूनंतर १९८३ पासून डब्ल्यूबीसीने १२ केल्या, बाकीच्यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटापर्यंत. नोव्हेंबर १९८३ मध्ये हॅगलर-दुरान १५ फेऱ्या चालली. १३ फेऱ्यांनंतर दुरान दोन कार्डांवर पुढे होता, शेवटच्या दोन हॅगलरने घेतल्या म्हणून बेल्ट वाचला. गोलोव्हकिनला १३ ते १५ मध्ये काय जमलं असतं याचा पुरावाच नाही.

साउथपॉ

हॅगलरचा विषय निघालाच आहे तर: १२ पैकी ११ डिफेन्स नॉकआऊटने, फक्त दुरान पूर्ण अंतर टिकला. आणि त्यात हर्न्स आहे. १५ एप्रिल १९८५, तीन फेऱ्या. गोलोव्हकिनच्या खात्यात या तोडीचा एकही विजय नाही. त्याच्या सर्वोत्तम नॉकआऊटमध्ये लोक केल ब्रूक मोजतात, जो दोन वजनगट खालून आला होता!

कॅनव्हास

खालून आलेल्यांना मारल्याचा ठपका सगळ्यांवर सारखाच ठेवा. हर्न्स १५४ चा जेता होता, दुरान तर मुळात लाइटवेट. हॉपकिन्सचे दोन सगळ्यात मोठे विजय ट्रिनिदाद आणि डे ला होया, दोघेही खालून आलेले. मॉन्झॉनने १९७४ मध्ये नापोलेसला थांबवलं, तो वेल्टरवेट. ब्रूक आला तेव्हा ३६-० होता आणि आयबीएफचा वेल्टरवेट जेता होता.

साउथपॉ

फरक दर्जाचा आहे. दुरान, हर्न्स, नापोलेस ही नावं त्यांच्या-त्यांच्या मूळ वजनगटाच्या सर्वकालीन यादीत आहेत. ब्रूक कुठल्या यादीत आहे?

कॅनव्हास

हे मान्य.

जॅबवाला

आता त्या पेन्सिलीवर. कनेलोच्या पहिल्या दोन लढतींवरच त्याचा क्रमांक ठरतो, तेव्हा त्या स्वतः गुण देऊन बघा. पद्धत सांगतो, कारण चुकीच्या पद्धतीने बघितलं की हवं तेच दिसतं.

समालोचनाचा आवाज पूर्ण बंद. गुण फेरी संपल्यावर मधल्या एका मिनिटातच लिहायचे, नंतर बदलायचे नाहीत. बेरीज बाराव्या फेरीपर्यंत करायची नाही, नाहीतर "आता याला एक द्यायला हवी" असं मन सांगायला लागतं. जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, खाली पडला तर ८. निकष चार: स्वच्छ बसलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा, बचाव. पण पहिल्यावर निकाल लागत असेल तर बाकीचे तीन उघडायचेच नाहीत. सगळ्यात जास्त घोळ 'परिणामकारक' शब्द गाळल्याने होतो. नुसतं पुढे चालत जाणं हे आक्रमण नाही, आणि मागे सरकत चुकवणं हा विजय नाही.

जी फेरी कोणालाही देता येईल असं वाटतं तिच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. शेवटी दोन बेरजा करा: सगळी प्रश्नचिन्हं एकाला, मग सगळी दुसऱ्याला. मिळेल तो पल्ला. त्या पल्ल्यात बसणारं कार्ड पटो न पटो, प्रामाणिक असू शकतं. बाहेरचं नाही.

सप्टेंबर २०१७ ची लढत अशी बघितली तर चौथी ते नववी यातल्या बहुतेक गोलोव्हकिनच्या, शेवटच्या तीन कनेलोच्या आणि सुरुवातीच्या वादाच्या. पल्ला साधारण ११४-११४ पासून ११६-११२ गोलोव्हकिन. तीन जजपैकी मोरेटीचं ११५-११३ गोलोव्हकिन आत बसतं, ट्रेलाचं ११४-११४ काठावर. ॲडलेड बर्डचं ११८-११० कनेलो, म्हणजे गोलोव्हकिनला बारापैकी दोन फेऱ्या, कुठल्याच पल्ल्यात बसत नाही.

बेल्टमोजणी

कॉम्प्युबॉक्सचे (मारलेले आणि बसलेले ठोसे मोजणारी सेवा) आकडे इथे देऊन ठेवतो. पहिली लढत: गोलोव्हकिन ७०३ पैकी २१८, कनेलो ५०५ पैकी १६९. दुसरी: ८७९ पैकी २३४ विरुद्ध ६२२ पैकी २०२.

जॅबवाला

दिलेत ते बरं, पण फोडून वाचा. पहिल्या लढतीत २१८ पैकी १०८ जॅब. जॅब सोडून बाकीचे जोरदार ठोसे कनेलोचे ११४, गोलोव्हकिनचे ११०. दुसऱ्या लढतीत जॅब ११८ विरुद्ध ५९, जोरदार ठोसे मात्र ११६ विरुद्ध १४३. आकडे माणसं बटणं दाबून गोळा करतात आणि नाक चाटून गेलेला जॅबही एक, डोकं हलवणारा उजवाही एकच. शिवाय फेऱ्या वेगवेगळ्या मोजल्या जातात, एकूण बेरीज कोणी जज बघत नाही. त्या २३४ वरून "दुसरीही लुटली" म्हणणारे हेच विसरतात. दुसरी खरोखर अटीतटीची होती आणि कनेलो मागे न जाता पुढे येऊन लढला, त्याने गोलोव्हकिनचा रिंग कापण्याचा डावच उलटवला.

वंशावळ

पद्धत आवडली. मग तुमच्या हिशेबाने क्रमांक?

जॅबवाला

पहिली विजय धरून, दुसरी निसटता पराभव धरून: ८ ते १०. तिसरी मी मोजतच नाही. १६८ पौंडांत झाली, चाळिशीत झाली.

तराजू

वयाचं धोरण एकच ठेवा. पहिल्या लढतीत तो ३५ चा आणि कनेलो २७ चा, हे सगळे सांगतात. पण हॉपकिन्सने ट्रिनिदादला हरवलं तेव्हा तो ३६ चा होता. वय ही सबब असेल तर तेच हॉपकिन्सला बोनस म्हणून द्यावं लागेल.

उलट ऑक्टोबर २०१९ चं डेरेव्यान्चेन्कोविरुद्धचं यश मला लोकांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. ३७ व्या वर्षी, पाचव्या फेरीत शरीरावर बसल्यावर वाकलेला दिसतो, पाय पूर्वीचे राहिलेले नाहीत, तरी ११५-११२, ११५-११२, ११४-११३. आणि २०२२ मध्ये चाळिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी जपानमध्ये मुराटाला नवव्या फेरीत थांबवलं. उतारावर जिंकता येणं हा वेगळा गुण आहे. हॅगलर ३२ व्या वर्षी लेनर्डकडून हरून थांबला, त्याचा उतार आपण बघितलाच नाही.

साउथपॉ

माझ्याकडे १३ वा. वरच्या पाचांच्या खाली केचेल, मिकी वॉकर, फिट्झसिमन्स, डिक टायगर, ला मोटा, झेल आणि बर्ली. प्रत्येकाकडे स्वतःच्या तोडीच्या माणसावरचा एक तरी नोंदलेला विजय आहे. ला मोटाने १९४३ मध्ये रॉबिन्सनला हरवलंय.

अवांतर: ग्रेबच्या लढतींचं एकही चित्रण उपलब्ध नाही, तरी अनेकांच्या यादीत तो पहिला, निव्वळ कागदावर. १९२२ मध्ये पुढे हेवीवेट जगज्जेता झालेल्या जीन टनीला त्याचा एकमेव पराभव दिला, त्या कागदाचं वजन बघा. आणि रॉबिन्सनला मोजताना फक्त १६० ची कारकीर्द मोजा. पाच वेळा जेता झाला म्हणजे मधे-मधे बेल्ट गमावलाही आहे.

वंशावळ

मी ११. जेकब्स, लेम्यू, डेरेव्यान्चेन्को ही चांगली मधली फळी झाली, पण वरचा खांब नाही. हौशी कारकिर्दीचे गुण कोणी देत असेल तर देऊ नका: २००३ चं जागतिक सुवर्ण, २००४ चं अथेन्सचं रौप्य, उत्तमच, पण यादी व्यावसायिकांची आहे.

शेवटची_घंटा

८ ते १३, म्हणजे पाचात घालणारं इथे कोणी उरलं नाही. दुसऱ्या लढतीची कार्डं टाकणार असाल तर प्रश्नचिन्हाच्या फेऱ्या वेगळ्या लिहा.

बेल्टमोजणी

दुसऱ्या लढतीची अधिकृत कार्डं: मोरेटी ११५-११३, वाइसफेल्ड ११५-११३, दोन्ही कनेलो; फेल्डमन ११४-११४. एका जजची एक फेरी फिरली असती तरी दोन कार्डं ११४-११४ झाली असती, म्हणजे लढत बरोबरीत. बरोबरीत बेल्ट जेत्याकडेच राहतो. मग गोलोव्हकिनचे सलग डिफेन्स २१ झाले असते आणि हॉपकिन्सचा विक्रम मोडला असता, तोही दोन बरोबऱ्या आणि एक मार्टिरोस्यान धरून.

जिंकायला मात्र त्याला दोन कार्डांवर मिळून तीन फेऱ्या फिरवाव्या लागल्या असत्या. पहिल्या लढतीत ट्रेलाची एकच पुरली असती. त्याने सातवी कनेलोला दिली होती, ती परत बघा.